तिसऱ्या स्पीकरची टोपी

अशोक मंगळवारी सकाळी गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुकानातल्या बाकावर निनाद या जुन्या गिऱ्हाइकाचे, दुरुस्तीला आलेले चार स्पीकर होते. दोन पूर्ण झाले होते. तिसऱ्याचा कोन चिकटवला होता, टोपी बसवायची होती. चौथ्याची कॉइल मी गुंडाळून डबीत ठेवली होती.

अशोक माझा नवरा. बोलताना मी त्याला ‘अहो’ म्हणत असे. लिहिताना नावाने लिहिते आहे, कारण ‘कैलासवासी’ हा शब्द आमच्या घरात चालत नाही आणि ‘हे’ लिहिले तर कोण ते तुम्हाला कळायचे नाही. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून थोडे आत, आमचे स्पीकर दुरुस्तीचे दुकान आहे. वर पत्रा, आत दोन बाके, एक पंखा. मी एका शाळेत ग्रंथपाल होते. शाळा सुटली की दुकानात येऊन कॉइली गुंडाळायचे, आणि निवृत्तीनंतर दिवसभर तेच करू लागले. दोन्ही कामांचा स्वभाव मला सारखाच वाटतो. एकट्याने बसायचे, ओळीवरून ओळ हलू द्यायची नाही, आणि कोणी घाई केली तर मान वर करायची नाही.

ज्यांनी स्पीकर उघडून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. समोर जो कागदाचा पसरट शंकू दिसतो त्याला आम्ही कोन म्हणतो. त्याच्या मागच्या टोकाला बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, ती कॉइल. ही कॉइल लोहचुंबकाच्या एका गोल फटीत तरंगत असते. वीज आली की कॉइल पुढेमागे होते, तिच्याबरोबर कोन हलतो, कोनाने हवा हलते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. एवढेच. सगळी मेख त्या फटीत आहे. कॉइलीच्या दोन्ही बाजूंना केसाच्या जाडीपेक्षा फार जास्त जागा नसते. कॉइल जरा जरी तिरकी बसली तर भिंतीला घासते, आणि मग गाण्याच्या मागे कोणीतरी कागद खरवडत बसल्यासारखे वाटते. म्हणून चिकटवताना फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचतात, म्हणजे कॉइल मधोमध राहते. गोंद वाळला की पट्ट्या काढायच्या, ऐकायचे, आणि साफ असेल तरच कोनाच्या मध्यावर ती गोल टोपी चिकटवायची. टोपी लागली की फट बंद. पुन्हा आत जायचे तर सगळे फाडावे लागते.

कॉइल मी करायची, कोन अशोक चिकटवायचा. ऐकायला आम्ही दोघे बसायचो. एक यंत्र एकच सूर खालून वर चढवत नेते. अशोक तळहात कोनावर हलकेच टेकवायचा, मी कान जवळ न्यायचे, आणि तो म्हणायचा, “सांग.”

मी सांगायचे, “साफ आहे.” किंवा, “घासते, मधल्याच्या वर.”

तो क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, “बरोबर.”

अशोकचा कान हे आमच्या दुकानाचे नाव होते. तपकीर गल्लीतले नवे स्पीकर विकणारे दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायचे, स्पीकर नवा घेऊ नका, विश्रांतवाडीच्या मास्तरांच्या कानाखालून काढा. हे वाक्य त्यांना फार विनोदी वाटायचे. मला वाटायचे, हा माणूस मला इतकी वर्षे शिकवतो आहे आणि अजून रोज परीक्षा घेतो आहे.

निनाद पहिल्यांदा आला तेव्हा कॉलेजात होता. केस खांद्याच्या खाली, काळा सदरा, आणि हातात गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला बारा इंची स्पीकर. एक तार सुटली होती, तेवढी जोडून हवी होती. अशोकने तार जोडली. जोडताना त्याला कोनावर पाच-सहा चिरा दिसल्या. त्याने त्या पातळ कागद आणि गोंद लावून इतक्या बेमालूम बुजवल्या की बोट फिरवले तरी कळू नये. वर सांगितले, “याचे वेगळे पैसे नकोत. विद्यार्थी आहेस.”

निनादने स्पीकर लावून पाहिला. त्याचा चेहरा पडला.

“मास्तर, त्या चिरा कुठे गेल्या?”

“बुजवल्या.”

“त्या मी पाडल्या होत्या. मुद्दाम. ब्लेडने.”

अशोकने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. आयुष्यभर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाची तक्रार एकच होती, की आवाज फाटतो. भजनी मंडळ असो, शाळा असो, लग्नाचा हॉल असो. फाटका आवाज हवा म्हणून आलेला हा पहिलाच.

“कशासाठी?”

“हेवी मेटलसाठी.”

“मग परत पाड. ब्लेड देतो. फाडण्याचं काम मात्र आमच्याकडे होत नाही.”

निनाद हसला आणि स्टूल ओढून बसला. त्या दुपारी त्याने आम्हाला त्याच्या संगीताचा इतिहास सांगायला सुरुवात केली. तो इतिहास त्याने पुढे कित्येक वर्षे सांगितला, आणि मी तो कॅम्पातल्या एका ग्रंथालयातून पुस्तके आणून ताडून पाहिला. दोन ठिकाणी त्याची क्रमवारी चुकली होती. मी सांगितले. तेव्हापासून तो मित्रांना सांगू लागला, “काकूंना विचारा.” केसाळ मुले येऊन मला अदबीने विचारत, “काकू, तुमच्या मते मेटलची खरी सुरुवात कुठून?” माझ्या शाळेत ज्ञानाची एवढी कदर कोणी केली नव्हती.

माझी एक वही आहे. डाव्या पानावर स्पीकरला झालेली इजा, उजव्या पानावर ती कोणत्या काळातल्या संगीताने होते ते. लोक इतिहास तबकड्यांवरून लिहितात. माझ्यासमोर तो जखमांच्या रूपाने आला.

पहिली इजा चिरेची. इंग्लंड-अमेरिकेतल्या काही वादकांना गिटारचा गुळगुळीत आवाज नकोसा झाला आणि त्यांनी कोन फाडले. असे एकाहून अधिक वादकांबद्दल सांगतात, त्यामुळे पहिला कोण हे मी लिहीत नाही. दुसरी इजा जळलेल्या कॉइलीची. साठचे दशक संपता संपता इंग्लंडच्या कारखान्यांच्या शहरांतल्या मुलांनी अ‍ॅम्प्लिफायर शेवटच्या आकड्यापर्यंत नेले, एकेका खोक्यात चार-चार स्पीकर भरले आणि खोक्यांवर खोकी रचली. कॉइल जळाली की व्हार्निशचा एक गोडसर वास येतो. तो वास आला की मी वहीत काही न बघता लिहायचे. तिसरी इजा उसळलेल्या कॉइलीची. गिटारच्या तारा सैल करून सूर खाली उतरवले की कोनाला फार लांब हलावे लागते. कॉइल फटीतून बाहेर येते, परतताना आपटते आणि तिचे टोक फुलासारखे उमलते. जड, काळोखे, सावकाश असे जे संगीत, ते इथून सुरू होते. पुढे वेग आला. तळहाताने तारा दाबून तुकड्यातुकड्यांनी वाजवणे, आणि ढोलाला दोन पायांचे दोन ठोके. त्याने कॉइल जळत नाही, पण कोनाकडे जाणाऱ्या वेणीसारख्या तारा थकून तुटतात.

मधला एक टप्पा मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्याने इजा होत नाही. दोन गिटारी एकच चाल थोड्या वेगळ्या सुरांत बरोबर वाजवू लागल्या. हे ज्यांना ऐकायचे असते त्यांच्या खोक्यातले चारही स्पीकर एका मनाचे असावे लागतात. एक जरी वेगळा बोलला तरी दोन गिटारींच्या मध्ये तिसरेच कोणी उभे राहिल्यासारखे वाटते. आमच्या धंद्यात याहून अवघड काम नाही.

अशोकला हे सगळे संगीत आवडू लागले, याचे मला नवल वाटे. बुद्धवंदना आणि जुनी नाट्यगीते एवढ्यावर वाढलेला माणूस. एकदा निनादचा स्पीकर लावून आम्ही ऐकत होतो तेव्हा वारज्याचे बाळासाहेब आले. त्यांच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या आणि त्या पैशातून त्यांनी लग्नाच्या मिरवणुकींसाठी मोठी साउंड सिस्टिम घेतली. दर मोसमात दोन-तीन कॉइली जाळून आणत. ते दारात उभे राहून ऐकू लागले.

“ताई, ही पोरं गात्यात का भांडत्यात?”

“गातात, दादा,” निनाद म्हणाला.

“आमच्या शेतात पाया खोदायचं मशीन लावलं हुतं, ते असंच गात हुतं. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत.”

“तुमच्या मिरवणुकीपेक्षा बरं आहे. निदान खिडक्या फुटत नाहीत.”

“फुटल्या तर लगीन झाल्यागत वाटतंय लोकास्नी.”

अशोक त्या दोघांचे ऐकत होता, म्हणजे त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. तो म्हणाला, “बाळासाहेब, इकडे या. हात ठेवा.”

बाळासाहेबांनी कोनावर तळहात टेकवला. सैल तारांचा तो खालचा सूर लागला होता. त्यांनी दुसराही हात ठेवला.

“बैलाच्या छातीवर हात ठेवल्यागत हाय,” ते म्हणाले. “लई वर्षं झाली.”

पुढच्या वेळी ते कॉइल जाळून आले तेव्हा निनाद आहे का, असे त्यांनी आधी विचारले.

आता त्या चार स्पीकरांकडे येते.

निनाद हिंजवडीत नोकरीला लागला, केस कापले, लग्न केले. कॉलेजातला त्याचा बँड मोडला. या वर्षी त्यातला दुसरा गिटारवाला कायमचा परदेशी जाणार होता, म्हणून सगळ्यांनी एकदा शेवटचे एकत्र वाजवायचे ठरवले. निनादने घरच्या माळ्यावरचे जुने खोके काढले. त्यातले चारही स्पीकर निकामी झाले होते. नवे खोके त्याला सहज घेता आले असते. तो म्हणाला, “मास्तर, दोन गिटारींचं आहे सगळं. याच खोक्यात बसवलेलं आहे. चारही एकसारखे हवेत.”

अशोक म्हणाला, “होतील.”

मी कॉइली करायला घेतल्या. पहिले दोन स्पीकर आम्ही ऐकले, साफ होते, टोप्या लावल्या. मग उरलेल्या दोन कॉइली संपवून मी बहिणीकडे सोलापूरला चार दिवस गेले. सोमवारी संध्याकाळी परतले. अशोक म्हणाला, “तिसरा शनिवारी चिकटवलाय. उद्या ऐकू.” दुसऱ्या दिवशी तो गेला.

बारा दिवसांनी मी दुकान उघडले. निनाद आला, स्टुलावर न बसता उभाच राहिला.

“काकू, मी चारही घेऊन जातो. उरलेलं बाहेर कुठेतरी करतो. तुम्हाला त्रास नको.”

“चौथा मी करीन.”

“तुम्ही कोन चिकटवलाय कधी?”

“तीस वर्षं पाहिलाय.”

तो स्टुलावर टेकला. मग म्हणाला, “करा. पण प्रोग्राम तीन आठवड्यांवर आहे, काकू. नाही जमलं तर आधी सांगा. आम्ही परत नाही वाजवणार.”

मी चौथा केला. पट्ट्या कापायला एक्स-रे हवा होता. अशोकच्या एका जुन्या आजारपणातले एक्स-रे पाकिटात होते. ते मी कापले नाहीत, भंगारातून आणलेलेच वापरले. कोन बसवला, दोन दिवस वाळू दिला, पट्ट्या काढल्या आणि सूर लावला. मला तो साफ वाटला. मग तिसरा लावला, अशोकचा. मधल्याच्या वर कुठेतरी, अगदी पुसट, कागद खरवडल्याचा आवाज आला.

मी तो सहा वेळा ऐकला. मग यंत्र बंद केले.

माझा तर्क सरळ होता. अशोकने केलेला स्पीकर घासणार नाही. मला घासल्याचे ऐकू येते, म्हणजे माझा कान चुकतो आहे. आणि कान चुकत असेल तर चौथा साफ आहे, या माझ्या म्हणण्यालाही अर्थ नाही. ‘बरोबर’ म्हणणारे कोणी नव्हते. तीन दिवस मी दोन्ही टोप्या हातात घेऊन ठेवून दिल्या. दुकान बंद करून टाकावे असे तेव्हाच मनात आले. निनादचा फोन आला.

“चौथा?”

“साफ वाटतो. पण तिसऱ्यात काहीतरी आहे.”

“तिसरा मास्तरांनी केलाय ना? मग टोपी लावून टाका. त्यांच्या कानाला खटकलं नाही तर कोणाला खटकणार?”

“त्यांनी टोपी लावलेली नाही,” मी म्हणाले. असे का म्हणाले ते तेव्हा मला माहीत नव्हते.

चौथ्या दिवशी विम्याच्या कागदांसाठी मी एक्स-रेचे ते पाकीट पुन्हा काढले. तळाशी घडी केलेला एक जुना कागद होता. वर अशोकचे नाव, तारीख अकरा वर्षांपूर्वीची. खाली एक आलेख. डॉक्टरांचे अक्षर मला लागले नाही, पण आलेख लागला, कारण त्यावरचे आकडे आमच्या रोजच्या यंत्रावरचेच होते. अडीचशे, पाचशे, हजार, दोन हजार, चार, आठ. दोन रेघा होत्या, दोन कानांच्या. हजारापर्यंत त्या जवळजवळ आडव्या होत्या. पुढे दोन्ही उतरत गेल्या होत्या, जिना उतरावा तशा. घासण्याचा आवाज जिथे असतो, तिथे त्या तळाला पोहोचल्या होत्या.

मी तो कागद हळूहळू वाचला. वाचण्याची मला सवय आहे. तरी त्यातले सगळे एकदम आत गेले नाही.

अकरा वर्षे तो ‘सांग’ म्हणत होता ती परीक्षा नव्हती. त्याला जे ऐकू येत नव्हते ते तो विचारत होता. फोन मला घ्यायला लावायचा, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचा, लग्नकार्यात कोपऱ्यात बसायचा. हा स्वभाव आहे असे मी समजले. पत्र्याखाली तीस वर्षे पूर्ण आवाजात स्पीकर तपासणारा माणूस, कानात कधी कापूससुद्धा घातला नाही. त्याला ते सैल तारांचे संगीत का आवडले, तेही मला त्या दिवशी कळले. ते त्याला पूर्ण मिळत होते. तळहातातून.

मला आधी राग आला. हे तो मला सांगू शकला असता. मग वाटले, मीही विचारू शकले असते. एका बाकाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून मी कॉइलीतला केसाएवढा फरक ओळखला आणि याला ऐकू येत नाही हे ओळखले नाही. ही खंत जाणार नाही, ती असू दे.

दुसरी गोष्ट त्याच दुपारी लक्षात आली. तिसऱ्याची टोपी राहून गेली नव्हती. ती त्याने ठेवली होती. कोन शनिवारी चिकटवला, सोमवारी वाळला. टोपी लावायला दहा मिनिटे लागतात आणि त्याच्याकडे अख्खी दुपार होती. मी येऊन ऐकेपर्यंत तो थांबला होता.

म्हणजे माझे ऐकणे बरोबर होते. तिसरा घासत होता, आणि तो फाडावा लागणार होता.

अशोकच्या हातचा शेवटचा कोन. शेजारच्या बाई म्हणाल्या, राहू द्या ना तो तसाच, आठवण म्हणून. निनादही तोच वापरायला तयार होता. पण जो स्पीकर ‘साफ’ ठरला नाही त्यावर आमच्या दुकानातून कधी टोपी लागलेली नाही, आणि त्याच्या कामावरच ती पहिल्यांदा लावणे मला जमले नाही. थिनरने गोंद मऊ केला, कडेने सुरी फिरवली. कोन निघताना फाटला. कॉइल बाहेर काढून भिंगाखाली धरली.

अशोकने ती अगदी मधोमध बसवली होती. गोंदाच्या खुणा मोजून पाहिल्या, कुठेही तसूभर फरक नव्हता. चूक माझी होती. शेवटच्या वेढ्याचे टोक केसाएवढे वर आले होते आणि तेच भिंतीला लागत होते. सोलापूरची गाडी गाठायच्या घाईत मी ती कॉइल संपवली होती.

भिंग बाजूला ठेवले. मग नवी तार घेतली आणि कॉइल गुंडाळली, या वेळी घाई न करता. नवा कोन बसवला. वाळल्यावर एक हात कोनावर ठेवला आणि कान जवळ नेला. साफ होता. चौथाही साफ होता. दोन्ही टोप्या लावल्या.

निनाद न्यायला आला तेव्हा विचारले, “तिसरा?”

“घासत होता. परत केला.”

“मास्तरांचा घासत होता?”

“कॉइल माझी होती.”

त्याने तिसरा आधी उचलला. कागदाबद्दल मी त्याला सांगितले नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. अशोकला कदाचित आवडले नसते. पण ऐकू येत नसताना अकरा वर्षे नुसत्या बोटांनी कॉइल मधोमध बसवणे ही लपवायची गोष्ट आहे असे मला वाटत नाही.

कार्यक्रमाला मी गेले नाही, दुपारी त्यांची तयारी चालू होती तेव्हा गेले. रिकामा हॉल, वायरी पसरलेल्या, चाळिशीला आलेले चार जण. बाळासाहेब आधीच खुर्चीवर बसले होते, त्यांनी शेजारची खुर्ची पुसून दिली. ढोल वाजवणाऱ्याने मला कानात घालायचे दोन मऊ बोळे आणून दिले. “काकू, घाला. खूप लाउड आहे.”

मी घातले. कान आता कामाची वस्तू आहे.

निनादने खालची तार छेडली. मी उठून खोक्याच्या पाठीला तळहात लावला. मग दुसरी गिटार त्यात आली, थोडी वरच्या सुरात, पहिलीला धरून. दोघींच्या मध्ये तिसरे कोणी उभे नव्हते. चारही स्पीकर एका मनाने बोलत होते. निनादने वाजवता वाजवता माझ्याकडे पाहिले आणि भुवया उंचावल्या.

“साफ आहे,” मी म्हणाले. त्या आवाजात त्याला ते ऐकू जाणे शक्य नव्हते, पण त्याने मान डोलावली.

दुकान सोमवार ते शनिवार, अकरा ते सहा उघडे असते. कॉइल मी करते, कोन मी चिकटवते. पाटीवर नाव अशोकचे आहे. ऐकण्याचे काम पूर्वीसारखे माझ्याकडेच आहे.